परतीची अट

६ मार्च १९४२ रोजी जपानी आरमाराने नऊ नावं जाहीर केली. तीन महिन्यांपूर्वी पर्ल हार्बरवर विमानं तुटून पडली, त्याच पहाटे दोन-दोन माणसांच्या पाच छोट्या पाणबुड्याही त्या बंदरात शिरायला निघाल्या होत्या. त्यांतून गेलेले हे नऊ जण. वर्तमानपत्रांनी त्यांना युद्धदेव म्हटलं. प्रत्येकाला मरणोत्तर दोन पायऱ्यांची बढती मिळाली. ‘अ‍ॅरिझोना’ ही अमेरिकी युद्धनौका याच छोट्या पाणबुड्यांनी बुडवली, असंही सांगण्यात आलं. ते खरं नव्हतं. ‘अ‍ॅरिझोना’ विमानातून टाकलेल्या बॉम्बने फुटली होती. एप्रिलमध्ये टोकियोच्या हिबिया पार्कात नऊ जणांचा जाहीर अंत्यविधी झाला.

पाच पाणबुड्या, प्रत्येकीत दोघे. माणसं दहा होतात. दहावा माणूस अमेरिकेच्या कैदेत जिवंत होता, म्हणून त्याचं नाव यादीत नव्हतं. आरमाराने पाणबुडीवाल्यांचं चित्र काढून घेतलं, त्यातही चेहरे नऊच. कझुओ साकामाकी हे त्या दहाव्याचं नाव. त्याच्याकडे पुढे येतोच. पण त्याआधी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगायला हवी. या मोहिमेला परवानगी देताना अ‍ॅडमिरल यामामोतो यांनी एक अट घातली होती: गेलेली माणसं परत आणण्याची सोय असली पाहिजे. पुढच्या तीन वर्षांत त्या अटीचं काय होत गेलं, हाच मला या पाणबुड्यांचा खरा इतिहास वाटतो. त्यांनी बुडवलेल्या जहाजांची यादी छोटी आहे. ती वाचून हातात फार काही लागत नाही.

ही छोटी पाणबुडी मुळात बंदरात शिरण्यासाठी बनलीच नव्हती. १९३०च्या दशकात जपानी आरमाराच्या डोक्यात एकच लढाई होती: अमेरिकेचा ताफा पॅसिफिक ओलांडून येईल आणि भर समुद्रात निर्णायक झुंज होईल. त्या वेळी ‘चितोसे’ आणि ‘चियोदा’सारख्या मोठ्या जहाजांच्या पोटातून डझनभर छोट्या पाणबुड्या पाण्यात सोडायच्या, त्यांनी येणाऱ्या ताफ्यावर टॉर्पेडो मारायचे आणि नंतर जहाजाने त्यांना उचलून घ्यायचं, अशी कल्पना. कॅप्टन किशिमोतो कानेजी यांच्या देखरेखीखाली कुरे इथल्या आरमारी कारखान्यात ती आकाराला आली. गुपित राखण्यासाठी कागदोपत्री तिचं नाव ‘को-ह्योतेकी’ ठेवलं, म्हणजे तोफखान्याच्या सरावाचं एक लक्ष्य.

लांबी जेमतेम २४ मीटर, एसटीच्या दोन गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या तर भरेल एवढी. रुंदी दोन मीटरही नाही. वजन ४६ टन. नाकाडात एकावर एक दोन टॉर्पेडो, मध्ये अंग चोरून दोघांनी बसायची जागा, आणि उरलेल्या पोटात बॅटऱ्याच बॅटऱ्या. त्यांच्यावर ६०० अश्वशक्तीची मोटार चालायची. पाण्याखाली १९ नॉटचा वेग, जो त्या काळी भल्या मोठ्या पाणबुड्यांनाही जमत नव्हता. पण त्या वेगाने तासाभरात बॅटरी संपे. सहा नॉटने रांगत गेलं तर सुमारे ८० सागरी मैल. आणि बॅटरी पुन्हा भरायचं इंजिन पाणबुडीत नव्हतं. एकदा सोडली की जेवढी वीज तेवढंच आयुष्य. समुद्राचं पाणी बॅटरीच्या आम्लात मिसळलं तर क्लोरिन वायू सुटे, आणि त्या नळकांड्यातून पळून जायला जागा नसे. टॉर्पेडो सुटला की नाकावरचं जवळजवळ टनभर वजन एकदम कमी होऊन पुढचं टोक वर उसळे, म्हणजे जो क्षण सगळ्यांत जास्त लपण्याचा, नेमक्या त्याच क्षणी पाणबुडी उघडी पडायची. भर समुद्रात, लढाईच्या गदारोळात हे दोष कदाचित खपले असते. अरुंद, उथळ, पहाऱ्यातल्या बंदरात ते खपणार नव्हते.

बंदरात शिरायची कल्पना वरून आलेली नव्हती. लेफ्टनंट इवासा नाओजी हा सव्वीस वर्षांचा अधिकारी या पाणबुडीच्या चाचण्या करत होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनीच आग्रह धरला की आम्हाला पर्ल हार्बरमध्ये जाऊ द्या. यामामोतोंनी आधी नकार दिला, कारण माणसं परत येण्याचा मार्ग दिसत नव्हता. मग मुलांनी मार्ग कागदावर काढून दाखवला: हल्ल्यानंतर पाणबुड्यांनी लानाई बेटाजवळ यायचं, तिथे मोठ्या पाणबुड्या वाट पाहतील. १९४१च्या ऑक्टोबरमध्ये होकार मिळाला. निवडलेले सगळे अविवाहित, घरची फार जबाबदारी नसलेले. त्यांचा सराव एहिमे प्रांतातल्या मित्सुकुए नावाच्या कोळ्यांच्या गावापाशी झाला, कारण तिथली खाडी पर्ल हार्बरसारखी होती. गावाला कशाचाच पत्ता नव्हता.

नोव्हेंबरमध्ये आय-१६, आय-१८, आय-२०, आय-२२ आणि आय-२४ या पाच मोठ्या पाणबुड्या पाठीवर एकेक छोटी पाणबुडी बांधून निघाल्या. ७ डिसेंबरच्या पहाटे पावणेचार वाजायच्या सुमारास ‘काँडोर’ या सुरुंग काढणाऱ्या बोटीला बंदराच्या तोंडाशी पेरिस्कोप दिसला. पावणेसातला ‘वॉर्ड’ या विनाशिकेने एका छोट्या पाणबुडीवर तोफ डागली आणि डेप्थ चार्ज टाकले. कप्तान विल्यम आउटरब्रिज यांनी तसा संदेशही पाठवला. विमानं यायला अजून तासभर अवकाश होता. संदेश वरवर सरकत राहिला, खातरजमा होत राहिली आणि तो तास निघून गेला. अमेरिकेने त्या युद्धात डागलेला पहिला गोळा या पाणबुडीवरचा होता, आणि ‘वॉर्ड’ने ती खरोखर बुडवली होती की नाही यावर साठ वर्षं वाद चालला. ऑगस्ट २००२मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना ती ४०० मीटर खोल पाण्यात सापडली. कोनिंग टॉवरला गोळ्याचं भोक स्पष्ट दिसत होतं.

दुसरी एक बंदरात पोचली. तिने ‘कर्टिस’ या जहाजावर आणि ‘मोनॅहॅन’ या विनाशिकेवर एकेक टॉर्पेडो सोडला, दोन्ही चुकले. ‘मोनॅहॅन’ सरळ तिच्या अंगावर गेली. ही बहुधा इवासाचीच पाणबुडी. अमेरिकनांनी ती वर काढली आणि नव्या धक्क्याच्या भरावात पुरली, तेव्हा दोघांचे देह आतच होते. एक १९६०मध्ये केही लगूनमध्ये सापडली, तीत कोणीच नव्हतं. एक तीन तुकड्यांत, बंदराच्या बाहेर, कचऱ्यासारखी फेकलेली मिळाली.

पाचवी साकामाकीची. निघण्याआधीच तिचं जायरो होकायंत्र बिघडलं होतं. आय-२४च्या कप्तानाने त्याला काय करायचं ते विचारलं, आणि साकामाकी निघाला. तेवीस वर्षांच्या मुलाला त्या डेकवर, सगळ्यांच्या देखत, असं विचारल्यावर नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मला सुटत नाही. होकायंत्राविना पाण्याखाली दिशा कळत नाही. ती पाणबुडी पुन्हा पुन्हा खडकावर चढली, ‘हेल्म’ या विनाशिकेने तिच्यावर मारा केला, आतली हवा विषारी झाली, टॉर्पेडो सोडण्याची यंत्रणा मोडली. ओआहूच्या दुसऱ्या बाजूला, वायमानालोच्या किनाऱ्यालगत ती रुतून बसली. साकामाकीने ती उडवून देण्यासाठी सुरुंगाची वात पेटवली आणि तो व त्याचा सोबती इनागाकी किनाऱ्याकडे पोहत निघाले. सुरुंग फुटला नाही. इनागाकी बुडाला. साकामाकी वाळूवर बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा डेव्हिड अकुई नावाचा हवाईयन सैनिक त्याच्यासमोर उभा होता.

अशा रीतीने तो अमेरिकेचा पहिला जपानी युद्धकैदी झाला. मला मारून टाका, अशी त्याने विनवणी केली. सिगारेटने स्वतःचा चेहरा डागला. कैदेतल्या त्याच्या फोटोत ते डाग दिसतात. त्याची पाणबुडी अमेरिकाभर युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी फिरवली गेली. तो स्वतः एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत राहिला, आणि त्या चार वर्षांत त्याने हळूहळू जगायचं ठरवलं. नंतर आलेल्या जपानी कैद्यांना, जे त्याच्यासारखेच मरण मागत होते, त्यांनाही तो जगायला सांगू लागला. १९४६मध्ये घरी परतल्यावर त्याला पत्रं आली. काही मायेची होती, काहींत अजून जिवंत कसा म्हणून विचारणा होती. त्याने कैदेच्या वर्षांवर पुस्तक लिहिलं, लग्न केलं, टोयोटात नोकरी धरली आणि कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेचा तो प्रमुख झाला. युद्धाबद्दल नंतर तो फारसा बोललाच नाही. १९९१मध्ये टेक्ससमधल्या फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयात पन्नास वर्षांनी आपली पाणबुडी पाहताना त्याला रडू आवरलं नाही. १९९९मध्ये तो गेला. नऊ देवांच्या यादीतून वगळलेला हा माणूस त्या दहांमधला एकटाच म्हातारा होऊ शकला.

आणि लानाई? मोठ्या पाणबुड्या ठरल्या जागी वाट पाहत राहिल्या. कोणी आलं नाही.

यानंतर आरमाराने अट सोडून दिली नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट दुसऱ्या फेरीसाठी पाणबुड्यांत बऱ्याच सुधारणा झाल्या. मोठ्या पाणबुडीतून पाण्याखालूनच छोटीत जाता येईल असा दरवाजा झाला, जाळी कापायला नाकाला करवती बसल्या. १९४२च्या मे महिन्याच्या अखेरीस एकाच वेळी दोन हल्ले झाले. एक मादागास्करला, दुसरा सिडनीला, मध्ये अख्खा हिंदी महासागर.

मादागास्करचं दिएगो सुआरेझ बंदर ब्रिटिशांनी नुकतंच फ्रेंचांकडून घेतलं होतं. ३० मेच्या रात्री दोन छोट्या पाणबुड्या तिथे सोडल्या गेल्या. त्यांतल्या एकीने ‘रॅमिलीज’ या युद्धनौकेला मोठं भगदाड पाडलं आणि ‘ब्रिटिश लॉयल्टी’ हे तेलवाहू जहाज बुडवलं. या पाणबुड्यांचं संपूर्ण युद्धातलं हे सर्वांत मोठं यश. लेफ्टनंट आकिएदा आणि त्याचा सोबती ताकेमोतो यांची पाणबुडी किनाऱ्यावर चढली. ते दोघे भेटीच्या जागेकडे, मादागास्करच्या उत्तर टोकाकडे, पायी चालत निघाले. वाटेत एका गावात त्यांनी खायला मागितलं. बातमी ब्रिटिशांपर्यंत गेली. २ जूनला चकमकीत दोघे मारले गेले, एक ब्रिटिश सैनिकही. परतीच्या जागेकडे खरोखर पायी चालत निघालेले हे दोघेच. त्यांची वाट पाहणारी पाणबुडी समुद्रात खरंच थांबलेली होती.

सिडनीत ३१ मेला रविवार होता. त्याआधी आय-२१वरून उडालेलं एक छोटं विमान पहाटे बंदरावर चकरा मारून गेलं. लोकांना ते अमेरिकी वाटलं. बंदराच्या तोंडाला पाणबुडीविरोधी जाळं बसवण्याचं काम चालू होतं, पण दोन्ही कडांना मोकळी फट होती. तळाशी टाकलेल्या विद्युततारांच्या वेटोळ्यावर रात्री आठ वाजून एक मिनिटाने काहीतरी ओलांडून गेल्याची नोंद झाली. रोज इतक्या फेरीबोटी तिथून जात की तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ते काहीतरी म्हणजे लेफ्टनंट चूमा केन्शी आणि ओमोरी ताकेशी यांची पाणबुडी. ती जाळ्यात अडकली. जेम्स कारगिल नावाच्या पहारेकऱ्याला सव्वाआठला जाळ्यात काहीतरी लोखंडी दिसलं. तो होडी वल्हवत जवळ गेला, पाहून आला आणि वरिष्ठांना सांगत राहिला. त्याच्यावर विश्वास बसायला दोन तास गेले. गस्तीवर होत्या त्या लोकांच्या हौशी मोटारबोटी, आरमाराने ताब्यात घेतलेल्या. ‘लॉलिटा’ने डेप्थ चार्ज टाकले, पण पाणी इतकं उथळ की ते फुटलेच नाहीत. साडेदहानंतर चूमाने स्वतःच स्फोट घडवून पाणबुडीसकट दोघांचा शेवट केला.

सबलेफ्टनंट बान कात्सुहिसा आणि आशिबे मामोरू यांची पाणबुडी मात्र आत पोचली. गार्डन आयलंडवर बांधकामाचे झगझगीत दिवे मध्यरात्र उलटेपर्यंत जळत होते आणि त्यांच्यापुढे ‘शिकागो’ ही अमेरिकी क्रूझर काळ्या आकृतीसारखी उठून दिसत होती. बानने साडेबाराच्या सुमारास दोन्ही टॉर्पेडो सोडले. एक किनाऱ्यावर चढून न फुटता पडून राहिला. दुसरा ‘शिकागो’ चुकवून, एका डच पाणबुडीच्या खालून जाऊन ‘कुट्टाबल’ या जुन्या फेरीबोटीखालच्या धक्क्यावर फुटला. तिच्यावर खलाशी झोपले होते. २१ जण गेले, १९ ऑस्ट्रेलियन आणि २ ब्रिटिश. झोपेतच बुडालेल्या या मुलांची नावं छोट्या पाणबुड्यांच्या कथेत फार कमी वेळा येतात.

तिसरी, लेफ्टनंट मात्सुओ केइऊ आणि त्सुझुकू मासाओ यांची. ती आत शिरतानाच मार खाऊन तळाशी पडून राहिली आणि पहाटे पुन्हा आत आली. टॉर्पेडो नळीच्या तोंडावरचं झाकण दबल्यामुळे एकही सुटला नाही. टेलर्स बे या छोट्या खाडीत तीन मोटारबोटींनी सकाळपर्यंत तिच्यावर आळीपाळीने डेप्थ चार्ज टाकले. दोघांनी पिस्तुलाने स्वतःला संपवलं होतं. पाणबुडे खाली उतरले तेव्हा मोटार अजून चालू होती.

सिडनीच्या नौदलाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल म्युअरहेड-गूल्ड यांच्या त्या रात्रीच्या कारभारावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण ९ जूनला या अधिकाऱ्याने एक काम केलं. हाती आलेल्या चारही जपानी देहांवर त्यांनी पूर्ण नौदली इतमामात, बंदुकांच्या सलामीसह अग्निसंस्कार केले. आपलीच २१ मुलं आठवड्यापूर्वी गेलेली, सिंगापूरमध्ये हजारो ऑस्ट्रेलियन कैदेत. लोक संतापले. गूल्ड यांनी आकाशवाणीवरून त्याचं समर्थन केलं: असल्या लोखंडी नळकांड्यात बसून येण्यासाठी लागणारं धैर्य कुठल्याही एका देशाची मालमत्ता नाही, असा त्याचा आशय. असा सन्मान पाहून जपानच्या ताब्यातल्या आपल्या माणसांना बरी वागणूक मिळेल, अशी आशाही त्यामागे होती. ती फळली असं म्हणता येत नाही. तरी त्यांनी केलं ते बरोबर होतं असंच मला वाटतं. चौघांच्या अस्थी मायदेशी परतणारे जपानचे राजदूत कावाई तात्सुओ यांच्याबरोबर, लोरेन्सो मार्क्विस बंदरातल्या अदलाबदलीतून, ऑक्टोबरात योकोहामाला पोचल्या. दोन मोडक्या पाणबुड्यांचे भाग जोडून एक तयार केली गेली. ती आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. १९६८मध्ये मात्सुओची ८३ वर्षांची आई ती पाहायला आली. टेलर्स बेच्या पाण्यात तिने मुलासाठी साके ओतली.

बान आणि आशिबे मात्र गायब झाले. २००६च्या नोव्हेंबरमध्ये हौशी डायव्हरांच्या एका गटाला त्यांची पाणबुडी सिडनीच्या उत्तरेला ५४ मीटर खोल पाण्यात सापडली. भेटीची जागा सिडनीच्या दक्षिणेला होती. तिकडे जाऊन वाट पाहणाऱ्या पाणबुड्यांचा ठाव लागू नये म्हणून बान मुद्दाम उलट दिशेला गेला, असं काहींना वाटतं. ते खरं की होकायंत्र चुकलं, हे ठरवायला आज साधन नाही. मोठ्या पाणबुड्या दक्षिणेला ३ जूनपर्यंत थांबल्या, शत्रूच्या किनाऱ्याला लागून, स्वतःचा जीव धोक्यात घालून. यामामोतोंची अट या वेळी तरी नुसती कागदावर नव्हती. दोन मोहिमांत सोडलेल्या पाच पाणबुड्यांतले दहाही जण तरी गेले.

सिडनीसमोर आलेल्या त्या टोळीत आय-२९ नावाची पाणबुडी होती. हल्ल्याआधी २३ मेला तिच्या विमानाने शहराची टेहळणी केली होती. मराठी वाचकाने तिचं नाव लक्षात ठेवावं. सहा महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या ‘तिलावा’ या प्रवासी बोटीवर हिनेच दोन टॉर्पेडो मारले. बोटीवर नऊशेहून अधिक माणसं, त्यांत व्यापारउदिमासाठी आफ्रिकेला चाललेली कुटुंबंच्या कुटुंबं. २८० बुडाली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरने उचलून मुंबईला परत आणलं. आणि एप्रिल १९४३मध्ये मादागास्करच्या दक्षिणेला खवळलेल्या समुद्रात जर्मन यू-१८० वरून रबरी तराफ्याने आलेल्या सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन यांना आपल्या पोटात घेणारी पाणबुडीही हीच आय-२९. नेताजींच्या या प्रवासावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. ‘तिलावा’वर इतकं कमी का लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या बंदरातून निघालेली ती माणसं कुणाच्याच वीरगाथेत बसत नव्हती.

छोट्या पाणबुड्या पुढे ग्वादलकनाल आणि अल्युशियन बेटांवर वापरल्या गेल्या. तिथे फारसं काही साधलं नाही. नंतर बॅटरी भरायचं इंजिन आणि मोठा चमू असलेले प्रकार आले. पाच माणसांच्या कोऱ्यू जातीच्या शंभरावर पाणबुड्या बांधून झाल्या. पण अटीचं भवितव्य दुसरीकडेच ठरत होतं, कुरेजवळच्या त्याच तळावर जिथे छोट्या पाणबुड्यांचे अधिकारी शिकत होते. कुरोकी हिरोशी आणि निशिना सेकिओ हे त्यांतले दोघे. नऊ युद्धदेवांच्या कथेवर वाढलेली ही पिढी. त्यांनी सुचवलं की जहाजावर मारायच्या अजस्र ऑक्सिजन टॉर्पेडोतच माणसाला बसवावं, म्हणजे नेम चुकणार नाही. त्याचं नाव कैतेन. आरमाराच्या श्रेष्ठींनी इवासाच्या वेळी जे केलं तेच याही वेळी केलं: आधी नकार, मग होकार, पण चालकाला शेवटच्या क्षणी बाहेर पडता येईल अशी सोय हवी या अटीवर. ती सोय आराखड्यात शोधली गेली, वेळ लागू लागला, युद्ध हातचं जाऊ लागलं. अखेर कैतेन त्या सोयीविनाच तयार झालं. दीड टनाहून जास्त स्फोटकं, एक माणूस, आणि एकच दिशा.

६ सप्टेंबर १९४४ रोजी ओत्सुशिमा बेटाजवळच्या सरावात कुरोकीचं कैतेन तळाच्या चिखलात रुतलं. आत तो आणि हिगुची नावाचा दुसरा अधिकारी. हवा संपेपर्यंतचे तास कुरोकीने लिहिण्यात घालवले: अपघात कसा झाला, पुढे काय सुधारावं. सकाळी दोघे मृत सापडले. निशिनाने मित्राच्या अस्थी जवळ ठेवल्या आणि त्या घेऊनच तो २० नोव्हेंबरला आय-४७वरून उलिथीच्या अमेरिकी तळाकडे सुटला. त्या सकाळी पाच कैतेन सोडली गेली. ‘मिसिसिनेवा’ हे एक तेलवाहू जहाज पेटून बुडालं, त्यावरचे ६३ जण मेले. दुसरं कुठलंही जहाज बुडालं नाही. याच मोहिमेवर पलाऊकडे गेलेली आय-३७ सगळ्या माणसांसह आदल्याच दिवशी बुडाली होती. पण दुरून ऐकू आलेल्या स्फोटांवरून आणि दिसलेल्या धुरावरून आरमाराने हिशेब मांडला की विमानवाहू नौका आणि युद्धनौका बुडाल्या. ‘अ‍ॅरिझोना’च्या वेळी जसा खोटा हिशेब नऊ मेलेल्यांच्या नावे मांडला गेला, तसाच हा. त्याच्या आधारावर डिसेंबरपासून सहा मोठ्या पाणबुड्या डेकवर कैतेन बांधून पुन्हा निघाल्या. या वेळी भेटीची जागा कुणाला सांगायची नव्हती.